‘अपोकॅलिप्टो’ : चुका किती, त्यापेक्षा कोणत्या बाजूला

मेल गिब्सन दिग्दर्शित ‘अपोकॅलिप्टो’ डिसेंबर २००६ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथा गिब्सन आणि फरहाद सफिनिया यांची, छायालेखन डीन सेमलर यांचे, संगीत जेम्स हॉर्नर यांचे. चित्रीकरण मुख्यतः मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यात झाले आणि सगळे संवाद युकातेक माया भाषेत आहेत. रंगभूषा, ध्वनी-संपादन आणि ध्वनिमिश्रण या तीन विभागांत त्याला ऑस्कर नामांकने मिळाली. इतिहास, मानवशास्त्र किंवा चित्रपट-अभ्यासाच्या वर्गात हा चित्रपट निघाला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली : ‘किती भयंकर लोक होते हे!’ दुसरी, थोडे वाचलेल्या विद्यार्थ्याची : ‘यात सगळे खोटे आहे, माया लोक तर खगोलशास्त्रज्ञ होते.’ प्रस्तुत टिपणात या दोन्ही प्रतिक्रिया बाजूला ठेवायच्या आहेत, कारण दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्हींनी चित्रपटाचे मूल्यमापन होत नाही.

कथा थोडक्यात अशी. जंगलातल्या एका लहान वस्तीवर पहाटे हल्ला होतो. घरे जाळली जातात, माणसे मारली जातात, उरलेल्यांना बांबूला बांधून चालवत एका मोठ्या नगरीत नेले जाते. जॅग्वार पॉ हा तरुण जाण्यापूर्वी आपली गरोदर बायको सेव्हन आणि लहान मुलगा यांना एका खोल खड्ड्यात लपवतो. नगरीत बायका गुलाम म्हणून विकल्या जातात. पुरुषांना निळा रंग फासून पिरॅमिडवर चढवले जाते. तिथे हृदय उपटून काढले जाते, मुंडकी पायऱ्यांवरून घरंगळत खाली येतात आणि जमाव आनंदाने ओरडतो. जॅग्वार पॉची पाळी येते तेव्हाच सूर्यग्रहण लागते, देव तृप्त झाल्याचे पुजारी जाहीर करतो आणि तो वाचतो. पुढचा जवळजवळ निम्मा चित्रपट म्हणजे पाठलाग. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर स्पॅनिश जहाजे दिसतात.

आधी जे चांगले आहे ते मान्य करू. हा पाठलाग उत्तम आहे. सेमलर यांचा कॅमेरा जंगलात माणसाच्या उंचीवरून धावतो. धबधबा, गांधीलमाश्यांचे पोळे, विषारी बेडूक, सुरुवातीच्या शिकारीत दिसलेला तापीराचा सापळा या सगळ्यांचा वापर नेमका होतो. ज्या जंगलात नायक वाढला ते जंगलच त्याच्या बाजूने लढते, हे शब्दांत न सांगता दाखवले आहे. पाठलाग करणाऱ्या टोळीचा म्होरक्या झिरो वुल्फ हा नुसता राक्षस नाही. मुलगा मेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते बापाचे दुःखच आहे. आणि भाषा! हॉलिवूडमध्ये रोमन सेनापतीही इंग्रजी बोलतो. इथे एका मोठ्या व्यावसायिक चित्रपटाने प्रेक्षकाला दोन तासांहून अधिक वेळ युकातेक माया ऐकवली. मेक्सिकोत आजही सात लाखांहून अधिक लोक ही भाषा बोलतात. आपल्या देशात मोठ्या भाषांच्या सावलीत ज्यांची बोली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता अडचणीकडे येऊ.

तीन काळ एका पडद्यावर

ऐतिहासिक चित्रपटात चुका असतातच, आणि चुकांची यादी करणे ही समीक्षा नव्हे. तरीही यादी करावी लागते, कारण ती केल्यावरच तिच्यातला कल लक्षात येतो.

शेवटी जहाजे येतात म्हणजे कथा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. कोलंबसाला १५०२ मध्ये चौथ्या सफरीत होंडुरासजवळ व्यापारी मालाने भरलेली मोठी होडी भेटली होती. हेर्नांदेझ दे कोर्दोबाची मोहीम युकातानला पोहोचली ती १५१७ मध्ये. पण चित्रपटातली नगरी त्या काळची नाही. तिचे उत्तुंग, उभ्या चढाचे पिरॅमिड तिकालसारख्या अभिजात काळातल्या (इ. स. सुमारे २५० ते ९००) शहरांची आठवण देतात. दक्षिणेकडच्या सखल प्रदेशातली ती शहरे नवव्या शतकात ओस पडू लागली. म्हणजे जहाजे आली तेव्हा तिकाल सहाशे वर्षे जंगलाखाली होते. अगदी उत्तरेकडचे मायापानही पंधराव्या शतकाच्या मध्यातच कोसळले होते.

याहून बारीक गोष्ट चुन्याची. नगरीच्या वाटेवर बंदिवानांना पांढऱ्या भुकटीने माखलेले, खोकणारे मजूर दिसतात. भोवतीचे जंगल तोडलेले असते. चित्रपटाचे सल्लागार रिचर्ड हॅन्सन हे एल मिरादोर या फार प्राचीन माया शहराचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ. इमारतींच्या गिलाव्यासाठी चुनखडी भाजावी लागे, तिला अफाट लाकूड लागे, त्यातून जंगल गेले, माती वाहून गेली आणि शहर खचले, अशी त्यांची मांडणी आहे. मांडणी विचार करण्याजोगी आहे. पण एल मिरादोर खचले ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात! दुसऱ्या शतकातले कारण, आठव्या शतकातल्या इमारती आणि सोळाव्या शतकातली जहाजे, असे सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर एका आठवड्यात कोंबले आहे.

बळींची पद्धतही अशीच उचललेली. रांगेने माणसे पिरॅमिडवर नेणे, एकामागून एक हृदये काढणे, ही प्रतिमा मुख्यतः मध्य मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांची आहे. तेनोच्तित्लानच्या मुख्य मंदिराच्या १४८७ मधल्या अर्पणसोहळ्याची वर्णने प्रसिद्ध आहेत आणि मेक्सिको सिटीत २०१५ पासून तिथल्या कवट्यांच्या मांडणीचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत. माया प्रदेशात नरबळी होते, हृदय काढण्याचीही चित्रे आहेत. पण नायक पळताना ज्या शेकडो प्रेतांच्या उघड्या खड्ड्यात पडतो, तसा खड्डा माया प्रदेशात सापडलेला नाही.

मला मात्र सर्वांत मोठी चूक वाटते ती मक्याची. जॅग्वार पॉची वस्ती केवळ शिकारीवर जगते असे दिसते. तिच्या शेजारी शेत नाही, आणि एवढे प्रचंड शहर काही दिवसांच्या चालीवर असून त्याबद्दल तिला काही ठाऊक नाही. प्रत्यक्षात माया खेडूत हा शेतकरी होता. जंगलाचा तुकडा साफ करून त्यात मका, घेवडा, भोपळा एकत्र लावायचा आणि काही वर्षांनी जमीन पडीक सोडायची, या पद्धतीवर ती सगळी संस्कृती उभी होती. देवांनी माणूस मक्याच्या पिठापासून घडवला, अशी माया लोकांची उत्पत्तिकथा आहे. खेडे आणि शहर यांच्यात धान्य, मीठ, कापूस, कोको, मध यांची सततची ये-जा होती. चित्रपटात मका दिसतो तो करपलेला, नाहीतर प्रेतांच्या खड्ड्याजवळचा. म्हणजे मक्याचा देश दाखवताना मक्याला मरणाच्याच बाजूला उभे केले आहे.

इथे यादी थांबवू आणि तिच्याकडे दुरून पाहू. काळ कोंबल्यामुळे नगरी जास्त सडकी दिसते. अॅझ्टेक बळी उसने आणल्यामुळे ती जास्त क्रूर दिसते. शेती काढून टाकल्यामुळे जंगलवासी जास्त निष्पाप आणि शहरवासी जास्त परके होतात. एकही चूक उलट दिशेला जात नाही. एखाद्या चुकीने शहर प्रत्यक्षापेक्षा अधिक शहाणे, अधिक रसिक, अधिक हिशेबी दिसले असते, तर ‘कलावंताचे स्वातंत्र्य’ म्हणून सोडून देता आले असते. सगळ्या चुका एकाच बाजूला झुकल्या की त्यांना चुका म्हणण्यात अर्थ राहत नाही. तो चित्रपटाचा युक्तिवाद असतो.

युक्तिवाद काय, हेही चित्रपट लपवत नाही. पहिल्याच पाटीवर विल ड्युरंट यांचे वाक्य आहे. त्याचा आशय असा की मोठी संस्कृती आतून स्वतःचा नाश केल्याशिवाय बाहेरून जिंकली जात नाही. ड्युरंट यांनी हे लिहिले रोमबद्दल. ते उचलून माया लोकांच्या कपाळावर चिकटवले आणि शेवटी जहाजे दाखवली, की मधली सगळी हिंसा पुराव्यासारखी वाचली जाते. गिब्सन यांनी प्रदर्शनापूर्वी या बळींची तुलना अमेरिकेने इराकमध्ये सैनिक पाठवण्याशी केली होती. म्हणजे त्यांच्या मनात हे रूपक आपल्याच समाजाबद्दल होते. हेतू समजून घ्यावा. पण पडद्यावर इराक नाही, माया आहेत.

रक्त कुणाचे, कशासाठी

आता दुसऱ्या प्रतिक्रियेकडे. ‘माया शांतताप्रिय होते’ हेही एक जुने मिथकच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिल्व्हेनस मॉर्ली आणि एरिक थॉम्पसन यांच्यासारख्या मातब्बर अभ्यासकांनी माया म्हणजे तारे पाहणाऱ्या, काळ मोजणाऱ्या पुरोहितांचा समाज, असे चित्र रंगवले होते. ते दोन गोष्टींनी पुसले. एक, १९४६ मध्ये मेक्सिकोच्या चियापास राज्यातली बोनाम्पाक येथील भित्तिचित्रे बाहेरच्या जगाला कळली. दुसरी, युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये आणि तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी १९६० मध्ये माया लिपीच्या वाचनाची वाट मोकळी केली आणि शिलालेखांत राजांच्या लढाया, बंदिवान आणि वंशावळी बोलू लागल्या. म्हणून ‘हिंसा दाखवलीच कशाला’ हा आक्षेप टिकत नाही. दाखवायलाच हवी होती.

बोनाम्पाककडे जरा थांबून पाहू, कारण या चित्रपटाला उत्तर तिथे आहे. इ. स. ७९० च्या सुमारास रंगवलेल्या या इमारतीत तीन खोल्या आहेत. पहिलीत दरबार भरला आहे, एका राजपुत्राला सादर केले जात आहे, वादक कर्णे आणि ढोल घेऊन निघाले आहेत. दुसरीत घनघोर लढाई आणि मग पायऱ्यांवर बसवलेले बंदिवान. त्यांच्या बोटांतून रक्त ठिबकते आहे. त्यातला पायऱ्यांवर आडवा पडलेला एक मेलेला पुरुष इतक्या कोमल रेषेत काढला आहे की चित्रकाराची सहानुभूती नेमकी कुठे होती असा प्रश्न पडावा. तिसरीत नृत्य आहे आणि राजघराण्यातल्या स्त्रिया स्वतःच्या जिभेतून रक्त काढत आहेत. ‘अपोकॅलिप्टो’ने यातली फक्त दुसरी खोली उघडली. तीही पुरती नाही, कारण त्या खोलीतल्या बंदिवानाला जे माणूसपण चित्रकाराने दिले ते पिरॅमिडवर मरणाऱ्या, नायकाच्या वस्तीबाहेरच्या एकाही माणसाला चित्रपट देत नाही.

तिसऱ्या खोलीचे विशेष महत्त्व आहे. माया समजुतीत रक्ताचे देणे राज्यकर्त्यांनी स्वतःच्या देहातून द्यायचे असे. याश्चिलान येथील एका प्रसिद्ध शिल्पात, ज्यावर इ. स. ७०९ ची तारीख आहे आणि जे आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, राणी काबाल शोक काटे ओवलेली दोरी आपल्या जिभेतून ओढते आहे आणि राजा तिच्यावर मशाल धरून उभा आहे. हे सुंदर आहे असे मी म्हणत नाही. अंगावर काटा आणणारेच आहे. पण यात सत्ता आणि वेदना यांचा एक करार आहे. चित्रपटातले राजघराणे मात्र जाड, कंटाळलेले, लोळणारे आहे; वेदना सगळी दुसऱ्यांची. त्यामुळे बळी हा विधी राहत नाही, खाटीकखाना होतो. धार्मिक हिंसा कशी पटते, शहाणीसुरती माणसे ती का करतात, हा खरा भयावह प्रश्न आहे. समोरची माणसे वेडीच आहेत असे दाखवले की हा प्रश्न प्रेक्षकाला पडतच नाही.

‘पण हा तर साधा पाठलागपट आहे, एवढे ओझे कशाला?’ असे विचारता येईल. निव्वळ पाठलागपट असता तर नगरी काल्पनिक ठेवता आली असती, ड्युरंट लागले नसते, जहाजे लागली नसती. इतिहासाचे वजन हवे आणि इतिहासाची जबाबदारी नको, ही सोय समीक्षकाने देऊ नये.

भारतीय विद्यार्थ्याला हे समजायला दुसरे उदाहरण घरातलेच आहे. १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मध्ये अमरीश पुरी यांचा मोलाराम कालीच्या नावाने जिवंत माणसाचे हृदय हाताने उपटतो. भारतातल्या कालीपूजेत असा विधी नाही. ती प्रतिमा मुळात मेक्सिकोकडची. भारतात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही म्हणून तो चित्रपट श्रीलंकेत चित्रित झाला. म्हणजे एकच भयचित्र सोयीनुसार कधी भारताला, कधी माया प्रदेशाला लावले जाते. मोलाराम पाहून परदेशातल्या भारतीय मुलांना वर्गात काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. तीच कल्पना युकातान आणि ग्वाटेमालातल्या मुलांसाठी करायची आहे.

आणि तिथे ती केवळ मानापमानाची बाब नाही. माया कुळातल्या भाषा बोलणारे पन्नास लाखांहून अधिक लोक आज मेक्सिको, ग्वाटेमाला आणि बेलीझमध्ये आहेत. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ या काळात यादवी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक धरली आहे, ओळख पटलेल्या बळींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक माया होते असे म्हटले आहे आणि लष्कराच्या काही मोहिमांना वंशसंहाराची कृत्ये म्हटले आहे. जंगलातल्या वस्तीवर पहाटे हल्ला, जळणारी घरे, रांगेत नेलेली माणसे, हे दृश्य त्या देशात चाळीस वर्षांपूर्वीचे आहे आणि हल्लेखोर पिरॅमिडवरून आलेले नव्हते. अहवाल आणि चित्रपट यांत सातच वर्षांचे अंतर आहे.

ग्रहण

ग्रहणाचे दृश्य स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे. परीक्षेत यावर प्रश्न आला तर ‘माया लोकांना ग्रहण कळत असे, म्हणून दृश्य चूक’ एवढे लिहून थांबू नका. ड्रेस्डेन पोथीत ग्रहणांचे कोष्टक आहे हे खरेच. पण चित्रपटात सूर्य झाकोळल्यावर राजा आणि पुजारी एकमेकांकडे बघतात. त्या नजरेत आश्चर्य नाही, संगनमत आहे. म्हणजे वरच्यांना गणित ठाऊक आहे आणि खालचा जमाव घाबरतो. दिग्दर्शकाची ही एक चतुर खूण आहे, ती त्याला द्यावी. मात्र चंद्राची कड लागण्यापासून खग्रास होईपर्यंत सुमारे तासभर जातो, इथे ते क्षणात उरकते. आणि विद्या दिसते ती फक्त फसवणुकीचे साधन म्हणून. पोथ्या लिहिणारा, आकडे मांडणारा माणूस कथेत कुठेच नाही.

या दृश्याशेजारी ग्वाटेमालाचे लेखक आउगुस्तो मोन्तेर्रोसो यांची १९५९ साली संग्रहात आलेली ‘ग्रहण’ ही अगदी छोटी कथा ठेवून वाचावी. जंगलात पकडलेला एक स्पॅनिश धर्मगुरू ग्रहणाचे भय दाखवून जीव वाचवू पाहतो. त्याचा बळी जातोच, आणि दरम्यान माया पोथ्यांत नोंदवलेल्या ग्रहणांच्या तारखा शांतपणे वाचल्या जात असतात. बळी तिथेही आहे, रक्त तिथेही आहे. मोन्तेर्रोसो यांनी माया लोकांना सोवळे केलेले नाही, फक्त त्यांना डोके ठेवले आहे. दीड-दोन पानांत जे जमते ते चार कोटी डॉलरांत का जमले नाही?

किनारा

शेवटी जॅग्वार पॉ आणि त्याचे दोन पाठलागी किनाऱ्यावर येऊन थबकतात. समोर जहाजे, होडीतून येणारी चिलखती माणसे, एक क्रूस. पाठलागी पुढे चालत जातात. जॅग्वार पॉ मागे वळतो, पाण्याने भरत चाललेल्या खड्ड्यातून बायकामुलांना काढतो आणि त्यांना घेऊन जंगलाकडे निघतो. काहींना यात स्पॅनिश लोक तारणहार वाटतात, कारण त्यांच्या येण्याने पाठलाग थांबतो. मला तसे वाटत नाही. कॅमेरा त्या माणसांकडे उत्साहाने बघत नाही, संगीतही विजयाचे नाही, आणि नायक त्यांच्याकडे जात नाही. पण ड्युरंटची पाटी डोक्यात असलेल्या प्रेक्षकाला ही जहाजे निकालासारखी दिसतात : आतून सडले, आता बाहेरचे आले. चित्रपटाचा शेवट त्याच्या सुरुवातीपेक्षा शहाणा आहे, आणि सुरुवातीने त्याला अडकवून ठेवले आहे.

त्या होडीतून काय उतरले ते इतिहासात नोंदलेले आहे. १५६२ मध्ये मानी या गावी दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया पोथ्या जाळल्या. आज जगात चार उरल्या आहेत. बळीच्या माणसाला निळा रंग लावत असत हे आपण ज्यांच्या लिखाणावरून सांगतो, त्यांत हाच लांदा प्रमुख आहे. विखुरलेल्या वस्त्या मोडून माणसांना चर्चभोवतीच्या नव्या गावांत बसवण्यात आले, आणि ज्यांना ते नको होते ते दक्षिणेकडच्या पेतेनच्या जंगलात पळाले. तिथले इत्सा माया लोकांचे नोहपेतेन हे ठाणे स्पॅनिशांच्या हाती लागले ते १६९७ मध्ये, म्हणजे कोर्दोबाची जहाजे दिसल्यानंतर १८० वर्षांनी. जॅग्वार पॉ ज्या दिशेला चालू लागतो, ती दिशा अगदी बरोबर आहे.